डॉल्फिन बघायला गेलो आणि नारळ धरला

साल दोन हजार सहा. माझं वय एकसष्ट, निदान शाळेच्या दाखल्यावर तरी तेवढंच होतं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची सगळी गुरांमागं. त्यामुळं माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू द्या, सांगतोय ते चुकीचं नाही.

तोवर मी समुद्र बघितला नव्हता. बायकोनंही नव्हता. त्याचं वाईट वाटत होतं असं काही नाही. हिंजवडीच्या माणसाला त्या दिवसांत गावातच बघायला पुष्कळ होतं. सकाळी उठावं तर कालच्या बांधावर आज लोखंडी खांब उभा. आमची भाताची खालची खाचरं कंपन्यांत गेली, वरची राहिली. पोरगी शिकून इंजिनियर झाली आणि राहिलेल्या खाचरातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. मी कधी हाक मारून बघितली नाही. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत म्हणतात.

त्या इमारतीत तिला एक मुलगा आवडला. सदाशिव पेठेतला. आई लहानपणीच गेलेली, वडील सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, घरात दोघंच. ना जातीतला, ना गावातला. पोरीनं मला हे जेवताना सांगितलं, म्हणजे मला उठून जाता येऊ नये. मी तरी उठलो.

सदाशिव पेठ मला नवीन नव्हती. जवानीत सायकलला किटल्या लावून मी तिथं दूध घातलंय. एका घरी एक बाई रोज दुधात काचेची नळी सोडून बघायच्या आणि म्हणायच्या, “आज बरं आहे.” त्यातला तो ‘आज’ मला दिवसभर टोचायचा. त्यांच्या जिन्याची खालची पायरी सोडून मी कधी वर गेलो नाही. बोलावलं नाही हे खरं, आणि बोलावलं असतं तरी गेलो नसतो हेही खरं.

माझ्या थोरल्या भावाला हे पोरीचं कुठून तरी कळलं. आमच्या भावकीत त्याचाच शब्द शेवटचा. येऊन अंगणात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

“बाहेर देणार असशील तर लग्नाला मी नाय,” म्हणाला. “आन् मी नाय म्हंजी भावकीतलं कुणीच नाय.”

“दादा, मी देतोय कुठं,” मी म्हटलं. “तोंडावर नाय सांगून येतो.”

असा मी आधीच शब्द देऊन बसलो.

आता नाही सांगायचं तरी कुठं? त्यांना आमच्या घरी बोलवावं तर पोह्यांच्या वासानंच भावकीला कळणार. त्यांच्या घरी जावं तर तो जिना. मी दोन्हीला नकार दिला. पोरगी माझीच, तीही हटली नाही.

“ठीक आहे आबा,” ती म्हणाली. “मग ना तुमचं घर, ना त्यांचं. समुद्रावर जाऊ. बोटीतून डॉल्फिन दाखवतात. शनिवारी निघायचं, रविवारी परत. तुम्ही दोघं बोला. नाही म्हणायचं असेल तर त्यांच्या समोर म्हणा, मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“पुन्हा म्हंजी कवाच?”

“कधीच. तुमच्या होकाराशिवाय मी करणार नाही, हे त्यालाही सांगितलंय.”

डोळ्यात पाणीबिणी काही नव्हतं तिच्या. हिशोबाचं बोलावं तसं बोलली. बायको चुलीपाशी होती, ती मला ऐकू जाईल अशी तव्याला म्हणाली, “मासा तरी बघून येऊ.”

पुढचं कळायला आमच्याकडं सोयरीक कशी ठरते ते सांगायला पाहिजे. कागद नसतो, सही नसते. मुलाचा बाप पाच माणसांत मुलीच्या बापाच्या हातात नारळ देतो. त्यानं तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला की बोलणं संपलं. मग जग इकडचं तिकडं झालं तरी फिरायचं नाही. गावात एकानं नारळ परत केला होता, त्याच्या धाकट्या पोरांना स्थळं मिळेनात. अशा बैठकांना मला मुद्दाम बोलवायचे, कारण मी तोंडाचा कडक. नारळ घेतल्यावर कुणी कुरकुर करायला लागला की मी एकच विचारायचो, “नारळ धरताना हात तुझंच व्हतं का शेजाऱ्याचं?” माणूस गप्प बसायचा.

तर शनिवारी मुलाच्या गाडीतून निघालो. मुलगा गाडी चालवत होता, त्याचे वडील पुढं, आम्ही तिघं मागं. वडील म्हणजे उंच, काटकुळा माणूस, बाहीची बटणं मनगटापर्यंत लावलेली, मांडीवर कापडी पिशवी. ताम्हिणी घाट उतरेपर्यंत ते एकच वाक्य बोलले.

“आपण गाडी लागणाऱ्यांपैकी नाही ना?”

“मी बैलगाडीवाला हाय,” मी म्हटलं.

“तीही लागते काहींना,” ते म्हणाले आणि पुन्हा समोर बघायला लागले.

दापोलीच्या बाजूला समुद्रकाठी एका घरगुती लॉजवर उतरलो. मी ठरवूनच आलो होतो की त्यांचं काही खायचं नाही. ज्याला नाही म्हणायचं त्याचं मीठ कशाला खायचं. बायकोनं भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. आम्ही ओट्यावर सोडून बसलो तर मुलाचे वडील आले. त्यांच्या ताटात नुसता भात आणि सोलकढी होती, कारण स्वयंपाकघरात सगळीकडं मासेच शिजत होते.

“थोडा ठेचा मिळेल का?” त्यांनी बायकोला विचारलं.

बायकोनं वाढला. त्यांनी खाल्ला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बरा आहे.”

यातला ‘आज’ कुठं गेला म्हणून मी वाट बघितली. तो काही आला नाही.

समुद्राबद्दल काय सांगू. एवढं पाणी, आणि एक चूळ शेताला उपयोगाची नाही, हे पहिलं मनात आलं. बायको मात्र संध्याकाळभर पाण्यात पाय सोडून बसली. उठ म्हटलं तर म्हणाली, “तुम्ही जावा. मी काय पळून जातीय व्हय.”

रविवारी सकाळी बोट. पाणी संथ होतं. बोटीपर्यंत गुडघाभर पाण्यातून चालायचं, म्हणून मी धोतर वर खोचलं. मुलाच्या वडिलांनी पँट दुमडली, ती इतकी नेटकी की इस्त्री केल्यासारखी दिसत होती. डोक्याला हातरुमाल, हातात ती कापडी पिशवी. आम्ही पाच जण आणि बोटवाला. बोटवाला माझ्याच वयाचा, पण दात सगळे शाबूत.

“डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत मिळतात का?” मुलाच्या वडिलांनी त्याला विचारलं.

“नाय. आणि लय दिसले तर जास्त घेत नाय,” बोटवाला म्हणाला.

मग त्यानं नारिंगी जाकिटं वाटली. माझ्या जाकिटाला बोंबलाचा वास होता. मी म्हटलं, “मला नको. मी विहिरीत सूर मारल्याला माणूस हाय.”

“विहिरीला काठ असतो, बाबा. घाला.”

“नाय घालणार.”

“मग इंजन पण नाय चालू होणार.”

त्याचं-माझं असं थोडा वेळ चाललं. शेवटी बायको म्हणाली, “घाला. फोटो कुणी काढत न्हाई.” तेव्हा पोरीचा मोबाईल वर होता, पण मी घातलं.

बोट निघाली. किनारा मागं गेला, घरं काड्यापेटीएवढी झाली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. ‘पाव्हणं, तुमचं आमचं जमायचं नाय. राग मानू नका.’ एवढंच. उतरायच्या आत सांगून टाकायचं, म्हणजे परतीच्या गाडीत गप्प बसलं तरी चालेल.

मुलाच्या वडिलांनी पिशवीतून नारळ काढला. सोललेला, शेंडी ठेवलेला.

“समुद्रात गेल्यावर नारळ द्यावा, असं आमच्या हिचं म्हणणं असायचं,” ते कुणाकडंच न बघता म्हणाले. “मी मानत नाही. ती मानायची.”

तेवढ्यात लाट आली, त्यांच्या जाकिटाचा पट्टा सुटला. एका हातात नारळ, एका हातात पट्टा, बोट डुलतेय. ते मला म्हणाले, “जरा धरता का?”

मी धरला.

आता नारळ एका हातानं घेत नाहीत, निदान आमच्याकडं तरी नाही. म्हणून मी दोन्ही हात पुढं केले. आणि हातात आलेला नारळ कपाळाला लावल्याशिवाय राहत नाही. हात आपोआप वर गेले. लहानपणापासूनची सवय, त्याला डोकं लागत नाही.

नारळ कपाळावरून खाली आणला तर समोर बायको. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता.

“काय गं?” मी म्हटलं.

“नारळ घेतला तुम्ही.”

“घेतला नाय. धरलाय.”

“कपाळाला लावून?”

मी बोटीत नजर फिरवली. मुलाचा बाप, मुलगा, पोरगी, बायको. चारच होते. मला जरा हायसं वाटलं.

“पाच माणसं लागत्यात,” मी म्हटलं.

बायकोनं मागं बघितलं. बोटवाला सुकाणू धरून आमच्याकडंच बघत होता.

“त्यो काय माकड हाय?” ती म्हणाली.

“काही चुकलं का?” मुलाच्या वडिलांनी पट्टा आवळत विचारलं.

“नाय, नाय,” मी म्हटलं. मग बायकोकडं वळून, दातातल्या दातात, “त्यांला ठाऊक तरी हाय का? पट्टा बांधायला दिलाय त्यांनी.”

ती शांतपणे म्हणाली, “हात तुमचंच व्हतं का शेजाऱ्याचं?”

माझंच वाक्य. इतक्या वर्षांत ते स्वतःच्या कानानं ऐकायची वेळ आली नव्हती. फार वाईट वाक्य आहे ते.

मी नारळ धरून बसलो. त्यांना परत द्यावा तर तो नारळ परत केल्यासारखाच. पायाशी ठेवावा तर पाप. बोटवाल्याला द्यावा तर त्याचा काय संबंध. आणि घरी थोरला भाऊ माझ्या ‘नाही’ची वाट बघत बसलेला. एक शब्द त्याला दिलेला, एक हातात.

तेवढ्यात बोटवाल्यानं इंजिन बंद केलं आणि नुसतं पाण्याकडं बोट दाखवलं.

पहिल्यांदा आवाज आला. बैल पाणी पिऊन झाल्यावर नाकातून फुरफुरतो ना, तसाच. मग पाठ दिसली. काळी, ओली, चकाकणारी. उन्हाळ्यात म्हैस तळ्यात डुंबते तशी, फक्त हिला घाई होती. एक गेली, तिच्यामागं दुसरी, मग एक लहान, आईच्या कुशीला चिकटलेलं. बायकोनं तोंडाला पदर लावला. मुलाचे वडील बाकावरून उठले, हातरुमाल डोक्यावरून उडाला तरी त्यांना पत्ता नाही.

“तिकडे बघा, तिकडे,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या जाकिटाला मागून घट्ट धरलं. मी उभा राहिलो होतो आणि माझे दोन्ही हात नारळाला, कठडा धरायला हात शिल्लक नव्हता. त्यांनी धरलं नसतं तर मला खरोखर सूर मारावा लागला असता.

एक मोठा डॉल्फिन अख्खा पाण्याबाहेर आला. असा वर, आणि असा खाली. मला वाटलं, पोरीला दाखवावं. वळून बघितलं तर ती पाण्याकडं बघतच नव्हती. एवढी खटपट करून आम्हाला इथवर आणलं तिनं, आणि मासे तिच्या पाठीमागं उड्या मारत होते. ती माझ्या हाताकडं बघत होती. नारळाकडं. ती लहान असताना वैरण तोडताना माझं बोट कापलं होतं, तेव्हा अशीच बघत होती. रडली नव्हती, फक्त बघत होती की आता पुढं काय होतंय.

तिच्या शेजारी तो मुलगा. त्यानं डॉल्फिन बघितले की नाही कोण जाणे, तो तिच्याकडं बघत होता.

मासे गेले. बोटवाल्यानं बिडी काढली. मुलगा वाकून वडिलांच्या कानात काहीतरी बोलला. पोरीनं त्याला आमची रीत कधीतरी सांगितली असणार. वडिलांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“म्हणजे मी पट्टा बांधताना मुलाचं लग्न ठरवलं,” ते म्हणाले. “बरं झालं. विचारून ठरवायचं असतं तर मला जमलं नसतं. दोन दिवस वाक्य जुळवतोय.”

“तुमी पण?” मी विचारलं.

“हो. पण आपल्या मनाविरुद्ध असेल तर तो परत द्या. खरंच द्या. मला राग येणार नाही. मी फक्त धरायला दिला होता, हे मी कुणालाही सांगेन. आमच्यात नारळाला असा काही अर्थ नसतो.”

सरळ माणूस. दार उघडून धरलं त्यानं. मी हात पुढं केले असते तर त्यानं नारळ पिशवीत टाकला असता, आणि घरी जाऊन भावाला मी मान वर करून सांगितलं असतं. पोरगीही काही बोलली नसती. कबूल केलं म्हणजे केलं, ती माझ्यावर गेलीय.

मी विचारलं, “पाव्हणं, घरात सैपाक कोण करतं?”

“मीच. वीस वर्षांपेक्षा जास्त झाली.”

“भाकरी येती?”

“येते. गोल येत नाही.”

“माझी पोरगी संध्याकाळी उशिरा येती कामावरनं.”

“मग तिला गार खावी लागेल,” ते म्हणाले. “किंवा मी तव्याशी थांबेन. दोन्ही चालतं मला.”

मी नारळाकडं बघितलं. मग म्हणालो, “तुमच्यात अर्थ नसंल. आमच्यात हाय. आन् धरताना हात माझं व्हतं.”

बायकोनं पदर सारखा केला, जणू तिला हे कालच ठाऊक होतं. पोरगी उठून माझ्याकडं यायला लागली तर बोट कलली आणि बोटवाला ओरडला, “बसा ओ ताई, लग्न ठरलं ते ठरलं, बोट बुडवू नका.” ती मधेच बसली, बाकावर नाही, बोटीच्या तळात, पाण्यात. आणि हसायला लागली. इतकं हसताना मी तिला नोकरी लागली तेव्हाही बघितलं नव्हतं.

नारळ आम्ही दोघा बापांनी मिळून पाण्यात सोडला. त्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. नारळ थोडा वेळ तरंगला, मग लाटेआड गेला.

किनाऱ्यावर आल्यावर मुलाच्या वडिलांनी चहा मागवला. मी घेतला. त्यात साखर फार होती, तसं मी सांगितलंही. ते म्हणाले, “पहिला चहा आहे, गोड मानून घ्या.” मी गोड मानून घेतला, गोड होताच.

परतीच्या वाटेवर घाटात सगळे झोपले, मुलगा सोडून. मला झोप येईना. बायको डोळे मिटूनच म्हणाली, “थोरल्या भावजींस्नी काय सांगणार?”

“जे झालं ते.”

“आवं, ते चिडतील.”

“चिडू दे. त्याला वाटंवर कुणी तरी सांगायच्या आत मी सांगणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर आंघोळ केली, धुवट धोतर नेसलो आणि भावाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बाजेवर बसून मिश्री लावत होता. मला बघून तोंडातलं थुंकला.

“सांगितलं का नाय?”

“नारळ घेतला,” मी म्हटलं.

“कुणाच्या हातनं?”

“पोराच्या बापाच्या.”

“पाच माणसांत?”

“पाच. एक बोटवाला.”

तो उठला आणि आत गेला. दार लावलं नाही, पण बाहेरही आला नाही. वहिनीनं चहा आणून ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. मी बाजेवर बसलो नाही, खाली ओट्यावर बसलो. चहा प्यालो. कोंबड्या अंगणभर फिरत होत्या. समोरच्या रस्त्यानं कंपनीची पहिली बस गेली, मग दुसरी. आत भांडं वाजलं, तो पाणी पीत असावा.

बऱ्याच वेळानं आतूनच त्याचा आवाज आला.

“मासा दिसला का?”

“दिसला.”

“कसा असतो?”

“म्हशीवाणी. पण चपळ.”

तो बाहेर आला. बाजेवर टेकला. लग्नाला येणार का, ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी पाय पोटाशी घेतले आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.